शाळा आणि पालक : भ्रमणध्वनीवरील संवादाची दिशा

प्राथमिक शाळेतील मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते. उरलेला सारा वेळ ते घरी, अंगणात, शेतावर आणि नातलगांत घालविते. या दोन जगांत रोज ये-जा करणारे एकटे मूलच असते. शाळेत काय शिकविले हे घरी सांगणारे तेच आणि घरची अडचण शाळेत सांगणारे किंवा लपविणारेही तेच. शिक्षक व पालक यांची प्रत्यक्ष गाठ वर्षातून फार थोड्या वेळा पडते. प्रगतिपुस्तकावरील सही अथवा अंगठा, स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिनाचे ध्वजवंदन, स्नेहसंमेलन आणि अधूनमधून भरणारी पालकसभा, एवढ्यावरच हा संबंध वर्षानुवर्षे चालत आला. सभेला पालक येत नाहीत ही तक्रार जुनी आहे. परंतु सभेच्या एका दुपारीमुळे ज्या घराची त्या दिवसाची रोजी बुडते, त्या घराच्या गैरहजेरीचा अर्थ अनास्था असा लावणे न्यायाचे होणार नाही.

भ्रमणध्वनीमुळे या परिस्थितीत पालट घडवून आणण्याची संधी आली आहे. बहुतेक वर्गांचा पालकगट आज व्हॉट्सॲपवर असतो. सूचना, सुट्ट्या, छायाचित्रे व परिपत्रके त्यावरून पाठविली जातात. साधन हाती आले आहे. परंतु त्यामुळे पालक वर्गाच्या जीवनात सहभागी झाले काय, हा प्रश्न वेगळा आहे. निरोप पाठविणे आणि संवाद साधणे यांतील अंतर ओळखले नाही, तर गट भरलेला आणि संवाद रिकामा अशी अवस्था होते.

कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य

पालकांना माहिती देणे हे शिक्षकाच्या सौजन्याचे काम नसून ते त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता व त्याने केलेली प्रगती यांची माहिती पालकांना देणे, हे त्यांपैकी एक होय. येथे ‘मुलाची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्व वर्गाला उद्देशून धाडलेली सूचना हे या कलमाचे पालन नव्हे. प्रत्येक पालकाला त्याच्या स्वतःच्या मुलाविषयी काही कळावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

त्याच अधिनियमाच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता अन्य शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगाकडे लक्ष देणे ही कामे समितीकडे सोपविली आहेत. पालकाकडे कायदा केवळ सूचना स्वीकारणारा म्हणून पाहात नाही. शाळेच्या कारभारातील भागीदार म्हणून पाहतो, हे यावरून स्पष्ट होते. फोनवरील संवादाची आखणी करताना हीच भूमिका पायाभूत मानली पाहिजे.

साथीच्या काळातील अनुभव

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा फोन हाच शाळेचा दरवाजा झाला. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासाचे संदेश शिक्षकांच्या गटांमार्फत पालकांच्या फोनवर जाऊ लागले. सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. नागपूर विभागात आकाशवाणीच्या साहाय्याने ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम चालला. शिक्षकांनी झाडाखाली व ओट्यांवर मुले बसवून, घरोघर स्वाध्याय पोहोचवून या साधनांची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात ‘प्रथम’ या संस्थेने ग्रामीण भारतात दूरध्वनीवरून केलेल्या ‘असर’ पाहणीतून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली साधनांविषयीची. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही शैक्षणिक साहित्य मिळाले, अशा मुलांची संख्या सुमारे एक तृतीयांशच होती. म्हणजे घरात फोन येणे आणि त्या फोनवरून शिक्षण येणे या दोन वेगळ्या घटना होत्या.

दुसरी गोष्ट पालकांविषयीची आहे व ती अधिक विचारात घेण्याजोगी आहे. सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरच्या कोणाची तरी मदत मिळत होती. ज्यांच्या आईवडिलांचे शिक्षण प्राथमिक पातळीच्याही पुढे गेलेले नव्हते, अशा मुलांतही निम्म्याहून अधिक मुलांना घरातून मदत मिळत होती. बहुधा मोठी भावंडे ती करीत होती. अशिक्षित घर शिक्षणाबाबत उदासीन असते, या सर्वसाधारण समजुतीला या आकड्यांनी छेद दिला. इच्छा घरात होती. काय करावे हे सांगणारा आणि केलेले ऐकून घेणारा माणूस हवा होता.

संदेश आणि संभाषण

या बाबतीत आफ्रिका खंडातील बोट्स्वाना या देशात झालेला प्रयोग उद्बोधक आहे. २०२० मध्ये तेथील शाळा बंद असताना प्राथमिक वर्गांतील मुलांच्या सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे गट पाडण्यात आले. एका गटाला आठवड्यातून एकदा साध्या फोनवर गणिताची काही उदाहरणे लघुसंदेशाने पाठविली गेली. दुसऱ्या गटाला तोच संदेश गेला आणि त्याशिवाय पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला गेला. पालक व मूल दोघेही त्या संभाषणात सहभागी होत. मुलाने उदाहरण कसे सोडविले हे विचारले जाई, अडले तेथे समजावून दिले जाई आणि पुढील आठवड्याचे काम त्याच्या पातळीप्रमाणे ठरविले जाई. तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच मिळाले नाही.

काही महिन्यांनी मुलांची चाचणी घेतली असता, ज्यांच्याशी फोनवर बोलणे झाले होते त्या मुलांची गणितातील प्रगती स्पष्ट दिसली. केवळ संदेश मिळालेल्या मुलांत मात्र दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. आणखी एक परिणाम असा की, संभाषणात सहभागी झालेल्या पालकांना आपल्या मुलाला नेमके काय येते व काय येत नाही, याचा अंदाज अधिक अचूकपणे करता येऊ लागला. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे भारत, नेपाळ, फिलिपीन्स, केनिया व युगांडा या पाच देशांतही असे प्रयोग झाले. तेथेही फोनवरील संभाषणाचा चांगला परिणाम दिसला आणि हे फोन शासकीय शिक्षकांनी केले असता तो कमी झाला नाही.

या प्रयोगांत महागडे उपकरण नव्हते, चित्रफिती नव्हत्या, नवे ॲपही नव्हते. साधा फोन, एक ठरलेला वार आणि एका मुलाविषयीचे बोलणे एवढेच होते. आपल्या शाळांनी यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. दिवसाला दहा संदेश पाठविण्यापेक्षा महिन्यातून एकदा प्रत्येक पालकाशी पाच मिनिटे बोलणे अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे. तीस मुलांच्या वर्गात हे काम महिन्याला अडीच तासांचे होते. शनिवारच्या अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर आठ-आठ पालक घेतले, तर ते एका महिन्यात सहज पूर्ण होते.

मातागटांचा मार्ग

महाराष्ट्रात २०२२ पासून राबविण्यात आलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात फोन व प्रत्यक्ष भेट यांची सांगड घातलेली दिसते. पहिलीत प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी गावोगावी मेळावे भरविले गेले. भाषाविकास, गणनपूर्व तयारी, शारीरिक व बौद्धिक विकास अशा निरनिराळ्या टेबलांवर मूल काय करू शकते हे आईच्या समोर पाहण्यात आले. त्यानंतर वस्तीतील मातांचे लहान लहान गट झाले. आठवड्याचा उपक्रम फोनवरून गटाच्या प्रमुख मातेकडे यावा, तिने तो इतरांना दाखवावा आणि सर्वांनी आपापल्या मुलांसह करावा, अशी ही योजना होती. डाळ-तांदूळ वेगळे करणे, भांडी लहानमोठी लावणे, पानांचे आकार ओळखणे यांसारखे हे उपक्रम घरातील वस्तूंनीच होतात.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. एका मातेकडे स्मार्टफोन असला तरी चार-पाच घरांचे काम भागते. तसेच वाचता न येणाऱ्या मातेला उपक्रम प्रत्यक्ष पाहून करता येतो. तिला कमीपणा वाटत नाही. पहिलीच्या वर्गासाठी सुरू झालेली ही रीत वरच्या वर्गांनाही लागू करता येईल.

गावाबाहेर गेलेले पालक

फोनवरील संवादाची खरी कसोटी स्थलांतरित पालकांच्या बाबतीत लागते. बीड जिल्ह्यातून आणि अहिल्यानगर, जालना, धाराशिव या जिल्ह्यांच्या काही भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर बाहेर पडतात. पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, ही कुटुंबे फडावर राहतात. शाळेचे जवळजवळ अर्धे वर्ष या काळात येते. मुलांनी गावातच राहून शिकावे यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात येते. काही मुले आजी-आजोबांकडे राहतात. मूल बरोबर गेलेच, तर त्याला दुसऱ्या गावच्या शाळेत दाखल करून घेता यावे यासाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे.

मागे राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने हे पाच महिने मोठे असतात. आई दूर असते आणि शाळेत झालेले कौतुक सांगण्यास जवळचे माणूस नसते. अशा वेळी शिक्षकाच्या फोनवरून मुलाने वाचलेला एक धडा ध्वनिमुद्रित करून आईला पाठविणे, हे अत्यल्प खर्चाचे परंतु दूरगामी परिणामाचे काम आहे. आईला अक्षर येत नसले तरी मुलाचा आवाज समजतो. मूल कालच्यापेक्षा न अडखळता वाचते आहे, हेही कळते. अशा पालकाला पुढील वर्षी मुलाला बरोबर नेऊ नये असे उपदेशाने पटविण्याची गरज कमी पडते. मुलगी वयात आली की तिच्या शिक्षणाचा विचार मागे पडतो. त्या निर्णयाच्या वेळीही शाळेचा हा धागा उपयोगी पडू शकतो.

मात्र यासाठी फडावरची परिस्थिती जाणून घेतली पाहिजे. तोड पहाटे सुरू होते आणि वाहन भरण्याची वेळ रात्रीही येते. कोपीत वीज नसल्याने फोन प्रभारित करण्यासाठी दुसरीकडे जावे लागते. म्हणून लांबलचक चित्रफिती पाठवू नयेत. अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पुरेसा आहे. बोलण्याची वेळ पालकाला विचारून ठरवावी. कुटुंब निघण्यापूर्वीच दोन क्रमांक टिपून घ्यावेत : एक पालकाचा व दुसरा त्याच टोळीतील शेजाऱ्याचा.

गट चालविण्याची रीत

वर्गाचा गट उपयुक्त होण्यासाठी काही साधे संकेत पाळणे अगत्याचे आहे.

पहिला संकेत संदेशाच्या आशयाचा. ‘पालकांनी मुलांचा अभ्यास घ्यावा’ या वाक्याने कोणालाही काही करता येत नाही. त्याऐवजी ‘आज तिसरीच्या मुलांनी मीटरपट्टीने मोजायला शिकले. घरी दाराची रुंदी मुलाकडून मोजून घ्यावी व उद्या वहीत लिहून पाठवावी’ असा संदेश असेल, तर पालकाला वर्गात काय चालले ते कळते, घरी करावयाचे काम कळते आणि उत्तर देण्याची वाटही मोकळी होते. शिकलेली गोष्ट, करावयाची कृती आणि अपेक्षित उत्तर, या तीन अंगांनी संदेश पूर्ण होतो.

दुसरा संकेत भाषेचा. परिपत्रकाची भाषा कार्यालयाला शोभते. आईशी बोलताना ती अडसर ठरते. गोंडी, भिली, कोरकू, पावरी किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या वस्तीत त्या बोलीतील ध्वनिसंदेश गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणीच्या साहाय्याने तयार करता येतो.

तिसरा संकेत मुलाच्या प्रतिष्ठेचा. कोणाचे गुण कमी आले, कोण गैरहजर राहिले, कोणाची वर्गणी राहिली हे गटावर कधीही लिहू नये. एका घराची उणीव साऱ्या गावापुढे मांडली गेली, की ते घर गटातून व पुढे शाळेतूनही दूर जाते. तक्रार असेल तर ती एकट्याशी आणि शक्यतो प्रत्यक्ष भेटीत सांगावी. कौतुकाचा फोन तक्रारीच्या फोनाआधी गेलेला असावा. शाळेतून फोन येतो तो मुलाने काही खोडी केली म्हणूनच, ही धास्ती त्यामुळे जाते.

चौथा संकेत शिस्तीचा. शुभेच्छा, राजकीय मजकूर व अफवा यांनी गट भरून गेला, तर महत्त्वाची सूचना त्यात हरवते. सूचनांसाठी केवळ शिक्षकांनाच लिहिता येईल असा गट ठेवावा आणि उत्तरांसाठी पालकांनी शिक्षकाला स्वतंत्रपणे लिहावे. ‘प्रसारण यादी’ ही सोय वापरल्यास संदेश प्रत्येकाकडे स्वतंत्र जातो. मात्र त्यासाठी शिक्षकाचा क्रमांक पालकाने आपल्या फोनमध्ये नोंदविलेला असला पाहिजे. शिक्षकाचा विश्रांतीचा वेळही शाळेने आणि पालकांनी जपावा. संदेशांना उत्तर देण्याचे तास वर्षारंभीच्या सभेत ठरवून घेणे दोघांच्याही हिताचे असते.

फोन नसलेले घर

स्मार्टफोनचा प्रसार पुष्कळ झाला आहे. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील जवळजवळ ९० टक्के मुलांनी घरी स्मार्टफोन असल्याचे सांगितले. परंतु घरचा फोन म्हणजे आईचा फोन नव्हे. तो बहुधा वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. कधी महिन्याचे पैसे भरलेले नसतात. म्हणून प्रत्येक वर्गशिक्षकाने जूनमध्येच एक साधा तक्ता करावा : कोणत्या घरी स्मार्टफोन आहे, कोठे साधा फोन आहे, कोठे काहीच नाही, आणि घरी असलेला फोन कोणाच्या हाती असतो. शेवटच्या रकान्यातील घरे किती आहेत हे कळले, की चिठ्ठी, शेजाऱ्याकरवी निरोप, फलकावरील मजकूर आणि गृहभेट यांचा वापर कोठे करावयाचा ते ठरते. फोन असलेल्यांशी वारंवार बोलताना फोन नसलेले विसरले गेले, तर नवे साधन जुनी विषमताच वाढवील. शिक्षकाची गृहभेट या घरांसाठी राखून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

छायाचित्रे व खाजगीपणा

वर्गातील छायाचित्रे गटावर टाकण्याची प्रथा सर्वत्र आहे. मुलांच्या आनंदाचे क्षण पालकांना पाहावेसे वाटतात हे स्वाभाविक आहे. तथापि एकदा पाठविलेले छायाचित्र कोठवर जाईल हे पाठविणाऱ्याच्या हाती राहात नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने अधिनियम संमत केला असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घातले आहे. शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सवलत असली, तरी संयमाची गरज त्यामुळे कमी होत नाही. प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्यावी. मुलाचे पूर्ण नाव, पत्ता, आधार क्रमांक, जात किंवा आजार यांचा उल्लेख गटावर करू नये. साध्या गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो, हे मातांना आधी सांगावे आणि ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी स्वतंत्र संदेशाची सोय ठेवावी.

समिती व ग्रामपंचायतीचे कार्य

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय समाविष्ट आहे. पंचायत सदस्यांना या कामात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. शाळेच्या इंटरनेट जोडणीचे व विजेचे देयक वेळेवर भरले जाते काय, हे त्यांनी पाहावे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी हंगामापूर्वी शाळेला मिळवून द्यावी. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत शाळेचा विषय ठेवावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीची सूचना फोनवर देताना विषयपत्रिकाही द्यावी. बैठकीनंतर झालेले निर्णय व झालेला खर्च चार ओळींत सर्व पालकांना कळवावा. जो पालक त्या दिवशी मजुरीवर होता त्यालाही आपली शाळा काय करीत आहे हे समजेल, आणि पुढील बैठकीत प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्क खऱ्या अर्थाने वापरला जाईल.

पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या कामाचे मोजमाप कसे करावे, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. किती गट झाले आणि किती संदेश गेले, हे मोजणे सोपे असते आणि म्हणूनच ते मोजण्याचा मोह होतो. केंद्रप्रमुखाने शाळाभेटीत त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : गेल्या महिन्यात किती पालकांनी काही कळविले; त्यांच्या सांगण्यावरून वर्गात कोणता बदल झाला; आणि ज्यांच्याशी एकदाही बोलणे झाले नाही अशी घरे कोणती. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जी नावे येतील, ती नोंदवून घेऊन पुढील भेटीत प्रथम त्यांचीच चौकशी करावी.